रात्रीच का ठणकतं बोट?

ऑस्टिऑइड ऑस्टिओमा ही हाडातली गाठ कर्करोगाची नाही, शरीरात पसरत नाही आणि तिचा गाभा बहुधा तुरीच्या दाण्याहून फार मोठा नसतो. छळते मात्र भरपूर. दिवसा बोट कसंबसं निभावून नेतं. रात्री असा ठणका लागतो की माणूस उठून बसतो. घरातली ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनची गोळी घेतली की थोड्या वेळात हायसं वाटतं.

डॉक्टरांनी पकडायचा धागा नेमका हाच. गाठीच्या गाभ्यात प्रोस्टाग्लँडिन हे वेदना चेतवणारं रसायन मुबलक तयार होतं आणि या गोळ्या त्याचीच निर्मिती रोखतात. रात्री दुखतं का, कोणत्या गोळीनं थांबतं, हे विचारायला मिनिटही लागत नाही. पण गर्दीच्या ओपीडीत तेवढंच राहून जातं.

न्यूयॉर्कचे विकृतिशास्त्रज्ञ हेन्री जाफे यांनी १९३५ मध्ये या गाठीला स्वतंत्र ओळख दिली. तरी हातात ती आजही चकवते. मांडीच्या हाडात एक्स-रेवर गाभ्याभोवती दाट हाडाचं कडं उठून दिसतं. मनगटाच्या चिमुकल्या हाडांत ते दिसेलच असं नाही. नखाखालच्या पेरात तर कधीकधी दुखतही नाही, नुसतं टोक फुगतं आणि नख मोठं होतं. कुणी नखुरडं म्हणतं, कुणी संधिवात. आपल्याकडे बोटाच्या क्षयाची शंकाही येते, आणि ती रास्तच असते. एमआरआयमध्ये भोवतालची सूजच इतकी दिसते की गाठ झाकली जाते. अशा वेळी बारीक काप घेणारा सीटी स्कॅन तिला उघडं पाडतो.

हातात सर्वाधिक आढळणारी हाडाची गाठ वेगळीच, एन्कॉन्ड्रोमा. ती कुर्च्यासारख्या ऊतीची आणि बहुधा मुकी. किरकोळ धक्क्यानं बोट मोडलं की एक्स-रेत सापडते.

ऑस्टिऑइड ऑस्टिओमा काही वर्षांत आपोआप शमूही शकतो, पण तोवर रोज गोळ्या पोटाला सोसायला हव्यात. सुईच्या टोकाशी सुमारे ९० अंश सेल्सिअस उष्णता देऊन गाभा जाळण्याची पद्धत बॉस्टनच्या डॅनियल रोझेन्थल यांच्या गटानं १९९२ मध्ये मांडली. बोटात मात्र त्वचा, नसा आणि स्नायुबंध हाडाला खेटून असल्यानं चटका बसण्याची भीती असते, म्हणून अनेक सर्जन छोटा छेद घेऊन गाभा खरवडून काढतात आणि तपासणीला पाठवतात. जखम दुखते, पण रात्रीचा तो ठणका बहुतेकांचा लगेच थांबतो. काही महिन्यांनी तो परतला, तर गाभ्याचा अंश मागे राहिल्याचा संशय घेऊन सीटी पुन्हा काढला जातो.