जाहीर प्रचार खासगी होतो तेव्हा...

- विशेष प्रतिनिधी

निवडणुकीची घोषणा झाली, की काही वर्षांपूर्वीपर्यंत शहराचे रूपच पालटत असे. भिंती रंगत, चौकाचौकांत कापडी फलक झळकत, रिक्षांवरील कर्णे दिवसभर कानठळ्या बसवीत आणि संध्याकाळी दादरच्या शिवाजी पार्कवर किंवा पुण्यात शनिवारवाड्यासमोर सभा रंगत. या साऱ्या गदारोळाला नागरिक कंटाळत, हे खरे. परंतु त्यात एक मोठा गुण होता. जे बोलले जाई, ते सर्वांसमक्ष बोलले जाई. नेत्याचे भाषण त्याचा समर्थक ऐके, तसाच विरोधकही ऐके. व्यासपीठासमोर पत्रकार टिपणे घेत बसलेले असत. चार दिवसांनी त्याच मैदानावर प्रतिस्पर्ध्याची सभा होई आणि आधीच्या सभेतील प्रत्येक मुद्द्याचा समाचार घेतला जाई. ‘जाहीर सभा’ या शब्दप्रयोगातील ‘जाहीर’ या विशेषणाला असा नेमका अर्थ होता.

इंटरनेटने राजकारणात काय बदलले, या प्रश्नाचे उत्तर बहुधा पैसा, वेग आणि तरुण मतदार या तीन शब्दांत दिले जाते. ते चुकीचे नाही. पण अपुरे आहे. गेल्या अडीच दशकांतील सर्वांत दूरगामी बदल वेगळाच आहे. प्रचाराचा जाहीरपणा हळूहळू ओसरला आणि जो संवाद मैदानात होत असे, तो एकेका मतदाराच्या कानाशी होऊ लागला. हे कसे घडले, हे समजून घेण्यासाठी प्रारंभ अमेरिकेपासून करावा लागतो. कारण या माध्यमाचे पहिले मोठे राजकीय प्रयोग तेथे झाले.

छोट्या देणग्यांचे मोठे बळ

२००० साली रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी झगडणारे सिनेटर जॉन मॅकेन यांनी न्यू हॅम्पशायरमधील पक्षांतर्गत निवडणूक जिंकली आणि त्यानंतरच्या काही दिवसांतच त्यांच्या संकेतस्थळावर दहा लाख डॉलरहून अधिक देणग्या जमा झाल्या. मॅकेन यांना त्या वर्षी उमेदवारी मिळाली नाही. परंतु धनाढ्यांच्या मेजवान्यांखेरीजही निधी उभा राहू शकतो, हे राजकीय पक्षांच्या ध्यानात आले.

या जाणिवेचा पहिला पद्धतशीर उपयोग केला, तो व्हरमाँटचे माजी गव्हर्नर हॉवर्ड डीन यांनी. इराक युद्धाला विरोध करणारे डीन २००३ च्या आरंभी फारसे कुणाला ठाऊक नव्हते. ‘मीटअप’ या संकेतस्थळावरून त्यांचे समर्थक एकमेकांना शोधू लागले आणि गावोगावच्या कॉफीगृहांत प्रत्यक्ष भेटू लागले. अशा समर्थकांची संख्या वर्षभरात लाखावर गेली. त्या वर्षीच्या तिसऱ्या तिमाहीत डीन यांनी सुमारे दीड कोटी डॉलर जमविले. निवडणुकीच्या आदल्या वर्षात डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवाराने एका तिमाहीत इतका निधी तोवर गोळा केला नव्हता. आणि त्याचा मोठा भाग सामान्य माणसांच्या लहान देणग्यांचा होता.

पुढे काय झाले, तेही तितकेच बोधप्रद आहे. १९ जानेवारी २००४ रोजी आयोवा राज्यात पहिले मतदान झाले आणि डीन तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. समविचारी माणसे एकत्र आणणे इंटरनेटला साधले होते. परंतु वेगळ्या विचाराच्या शेजाऱ्याचे मन वळविणे साधले नव्हते.

ही उणीव भरून काढली, ती बराक ओबामा यांच्या २००८ च्या मोहिमेने. फेसबुकच्या संस्थापकांपैकी एक असलेले ख्रिस ह्यूज यांच्या साहाय्याने या मोहिमेने स्वतःचे सामाजिक संकेतस्थळ उभारले. त्यावर नोंदणी केलेल्या समर्थकाला आपल्या परिसरात बैठक बोलावता येई, मतदारांच्या दूरध्वनी क्रमांकांची यादी घेऊन घरूनच प्रचार करता येई. मोहिमेअखेर ओबामा यांच्याजवळ सुमारे १ कोटी ३० लाख ई-मेल पत्ते होते आणि एकूण निधी सुमारे ७५ कोटी डॉलरवर पोहोचला होता. या बळावरच सरकारी तिजोरीतून मिळू शकणारे सुमारे ८ कोटी ४० लाख डॉलर त्यांनी नाकारले. नागरिकांच्या सहभागाचा हा उत्कर्षबिंदू मानला गेला आणि तो होताही.

मात्र या यशाची दुसरी बाजू त्या वेळी फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. ई-मेल पत्त्यांच्या त्या राशीबरोबरच मतदारांविषयीच्या माहितीचीही रास साठत चालली होती. कोण कुठे राहतो, कशाला प्रतिसाद देतो, कोणत्या विषयावर चिडतो, हे मोहिमांना कळू लागले होते. समर्थक नेत्याला शोधत येण्याचे दिवस मागे पडून नेता मतदाराला हेरून त्याच्यापर्यंत जाण्याचे दिवस येत होते.

भारतातील प्रवास

आपल्याकडे २००४ च्या लोकसभा निवडणुकीत पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा ध्वनिमुद्रित संदेश दूरध्वनीवर ऐकून अनेकजण चकित झाले होते. २००९ मध्ये लालकृष्ण अडवाणी यांच्या संकेतस्थळाचा आणि इंटरनेटवरील जाहिरातींचा मोठा गाजावाजा झाला. दोन्ही वेळा भारतीय जनता पक्षाचा पराभव झाला आणि आपल्या देशात संगणकावर निवडणुका जिंकता येत नाहीत, असा निष्कर्ष अनेकांनी काढला.

हा निष्कर्ष फार काळ टिकला नाही. २०११ मध्ये राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या लोकपाल आंदोलनाने ‘मिस्ड कॉल’ देऊन पाठिंबा नोंदविण्याचे आवाहन केले. पैसा न खर्चता नोंदणी झाली आणि आंदोलनाकडे दूरध्वनी क्रमांकांची मोठी यादी तयार झाली. २०१४ च्या निवडणुकीत नरेंद्र मोदी यांच्या मोहिमेने समाजमाध्यमे आणि त्रिमितीय प्रतिमेच्या सभा यांचा व्यापक वापर केला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, डेटाचे दर कोसळले आणि इंटरनेट गावोगावच्या खिशांत पोहोचले. त्यानंतर कोणत्याही मोठ्या पक्षाला समाजमाध्यमांचा स्वतंत्र विभाग असल्यावाचून भागेनासे झाले. मतदार याद्यांच्या भागांनुसार, मतदान केंद्रांनुसार व्हॉट्सॲपचे गट बांधण्याचे काम आज पक्षकार्यकर्त्यांच्या नेहमीच्या कामांपैकीच एक झाले आहे.

एकाला एक, दुसऱ्याला दुसरे

हा नवा प्रचार चालतो कसा? त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग लक्ष्यित जाहिरातींचा. समाजमाध्यमे चालविणाऱ्या कंपन्यांना वापरकर्त्याचे वय, गाव, भाषा आणि आवडीनिवडी ठाऊक असतात. त्या आधारे अमुक शहरातील अमुक वयाच्या, अमुक विषयात रस असलेल्या माणसांनाच जाहिरात दाखवता येते. शिवाय जाहिरातदार आपल्याजवळची दूरध्वनी क्रमांकांची यादी देऊन नेमक्या त्याच व्यक्ती निवडू शकतो आणि त्यांच्याशी साधर्म्य असलेल्या इतरांपर्यंतही पोहोचू शकतो.

यात वाईट काय, असे कुणी विचारील. एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या पक्षाने नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकाला निर्यात सदैव खुली ठेवण्याचे आश्वासन दिले आणि त्याच दिवशी मुंबईतील ग्राहकाला कांदा स्वस्त करण्याचे. जाहीर सभेत ही दोन्ही आश्वासने एका दमात देता येत नाहीत. समोरचा श्रोताच जाब विचारील. लक्ष्यित जाहिरातीत मात्र ती बिनदिक्कत देता येतात, कारण उत्पादकाला ग्राहकाची जाहिरात दिसत नाही आणि ग्राहकाला उत्पादकाची. विसंगती उघडी पडण्यासाठी दोन्ही बाजू एकाच माणसाच्या कानावर पडाव्या लागतात. ती सोयच येथे उरत नाही.

या माहितीचा व्यापार किती दूर जाऊ शकतो, हे मार्च २०१८ मध्ये उघड झालेल्या केम्ब्रिज ॲनालिटिका प्रकरणाने दाखविले. सुमारे ८ कोटी ७० लाख फेसबुक वापरकर्त्यांची माहिती या राजकीय सल्लागार कंपनीच्या हाती अयोग्यरीत्या गेली असावी, असे फेसबुकने सांगितले. त्यांत भारतातील सुमारे ५ लाख ६२ हजार जणांचा समावेश असण्याची शक्यता होती; प्रत्यक्षात संबंधित चाचणीचे ॲप घेणारे भारतीय ३३५ होते. उरलेले सारे केवळ त्यांच्या मित्रयादीत असल्यामुळे सापडले. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फेसबुकला पाच अब्ज डॉलरचा दंड ठोठावला.

दुसरा मार्ग बंदिस्त गटांचा. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरील संदेश कूटबद्ध झाले. धाडणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कुणालाही, अगदी कंपनीलाही, मजकूर वाचता येत नाही. नागरिकाच्या खासगीपणासाठी ही व्यवस्था मोलाचीच आहे. पण त्याच दाराने निनावी प्रचारही आत येतो. संदेश पाठविणारा आपला मामा किंवा सोसायटीतील शेजारी असतो. मजकूर कुणी लिहिला, हे त्यालाही ठाऊक नसते. ओळखीच्या माणसाची विश्वासार्हता अनोळखी मजकुराला आपोआप चिकटते.

निवडणुकीबाहेरच्या सार्वजनिक जीवनात याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवा पसरलेल्या असताना १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. देशात अन्यत्रही असे प्रकार घडले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा घातली.

कायदा कुठे अडतो?

निवडणूक आयोग स्वस्थ बसलेला नाही. २५ ऑक्टोबर २०१३ रोजी आयोगाने समाजमाध्यमांसाठी सूचना काढल्या. उमेदवाराने प्रतिज्ञापत्रात आपल्या खात्यांचा तपशील द्यावा, जाहिराती पूर्वपरवानगीनेच प्रसिद्ध व्हाव्यात आणि त्यांचा खर्च हिशेबात धरावा, असे त्यांत स्पष्ट केले. २०१९ मध्ये समाजमाध्यम कंपन्यांनी स्वेच्छा आचारसंहिता स्वीकारली. मतदानापूर्वीच्या ४८ तासांच्या शांतताकाळातील उल्लंघनांवर तीन तासांत कार्यवाही करण्याचे त्यांनी मान्य केले. मे २०२४ मध्ये आयोगाने पक्षांना बजावले, की बनावट ध्वनिचित्रफिती निदर्शनास आल्यापासून तीन तासांत हटवाव्यात.

तरीही अडचण मूळची आहे. आपला निवडणूक कायदा १९५१ चा. तो सभा, फलक आणि छापील पत्रके डोळ्यांसमोर ठेवून रचलेला. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपये खर्चाची मर्यादा २०२२ पासून आहे. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही. शिवाय एखाद्या नेत्याचे गुणगान करणारे पान भलत्याच नावाने चालत असेल, तर त्याचा खर्च कुणाच्या खाती टाकायचा? सभेतील खुर्च्या मोजता येतात. गटागटांतून फिरणारा मजकूर मोजायचा कसा?

मग सरकारने अधिक कठोर कायदा करावा, हे उत्तर सहज सुचते. तेथेच सावध राहायला हवे. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याविषयी फेसबुकवर प्रश्न विचारणारी पालघरची एक तरुणी आणि तो मजकूर पसंत करणारी तिची मैत्रीण अशा दोघींना पोलिसांनी अटक केली. या अटकेत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ वापरले गेले. सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरविले.

त्या प्रकरणाचा धडा विसरण्याजोगा नाही. स्वतःच्या नावाने, सर्वांसमक्ष दोन ओळी लिहिणारी तरुणी कायद्याच्या हाती तत्काळ लागली. निनावी आणि बंदिस्त प्रचार मात्र त्याच्या हाती लागत नाही. मजकुरावर रोख धरणारा कायदा नेहमी उघडपणे बोलणाऱ्यालाच आधी पकडतो. म्हणून भर बोलण्यावर बंदी घालण्यापेक्षा प्रचार पुन्हा जाहीर करण्यावर हवा. कुणी पैसे दिले, किती दिले आणि कुणाला लक्ष्य केले, हे उघड करण्याची सक्ती कुणाचेही तोंड बंद करीत नाही.

या दिशेने थोडी सोय झालेली आहे. फेसबुक आणि गुगल यांनी २०१९ पासून भारतातील राजकीय जाहिरातींची सूची सर्वांसाठी खुली केली आहे. कोणत्या पानाने किती रकमेची जाहिरात दिली, हे कुणालाही तेथे पाहता येते. आपल्या मतदारसंघातील उमेदवारांची नावे त्या सूचीत एकदा शोधून पाहावीत आणि जाहिरातीखाली पैसे देणाऱ्याचे म्हणून कोणते नाव लिहिले आहे, तेही वाचावे. ते नाव ओळखीचे नसेल, तर दारात मत मागायला येणाऱ्या कार्यकर्त्याला त्याविषयी चार लोकांसमक्ष विचारावे. जाहीर सभेत श्रोत्याला जो अधिकार होता, तोच हा अधिकार आहे. मैदान बदलले म्हणून तो संपलेला नाही.