भाकरीच्या ताटाशेजारी वाईनचा पेला

आपल्या सीमेवरच्या घरांत जेवण एकच असतं, नावं मात्र दोन. माझ्या माहेरी, सोलापूरकडे, जिला ज्वारीची भाकरी म्हणतात ती खजुरीच्या सासरी जोळद रोट्टी होते. भरलं वांगं एण्णगाई होतं, अंबाडीची भाजी पुंडी पल्ल्या होते. चवीत फरक पडत नाही. अलीकडे या ताटाशेजारी एक तिसरी गोष्ट येऊ लागली आहे. पुण्या-बंगळूरला नोकरी करणारी मुलं सणासुदीला येतात तेव्हा पिशवीच्या तळाशी वाईनची बाटली असते. ती गच्चीवर, जेवणाआधी, रिकाम्या पोटी आणि लपून रिकामी होते. वडील पाहून न पाहिल्यासारखं करतात.

ज्या घरात मद्य चालत नाही त्या घराबद्दल मला पूर्ण आदर आहे. त्यांनी खुशाल पान उलटावं. पण ज्या घरात बाटली आलेलीच आहे, त्यांना माझं सांगणं एवढंच, की ती गच्चीवरून खाली ताटापाशी आणा. थोडी घ्या, जेवणाबरोबर घ्या, सगळ्यांसमोर घ्या. आणि त्यासाठी महागडी बाटली मुळीच लागत नाही.

आधी स्पष्ट बोलू

'वाईन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य 2022 च्या जानेवारीत महाराष्ट्र सरकारने मोठ्या दुकानांतून वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला तेव्हा खूप गाजलं. ते खरं नाही. साध्या वाईनमध्ये 12 ते 13 टक्के मद्यार्क असतो, व्हिस्कीत 42.8 टक्के. म्हणजे 150 मिलिलिटरच्या एका पेल्यात साधारण दीड छोट्या पेगइतका मद्यार्क पोटात जातो. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली सांगितलं, की मद्याचं पूर्ण निर्धोक असं प्रमाण नाही. तेव्हा 'हृदयाला चांगली असते' म्हणून कुणी पिऊ नये. गरोदर बाई, मधुमेहाची किंवा झोपेची औषधं घेणारे, गाडी चालवणारे आणि ज्यांना एकदा सुरू केल्यावर थांबता येत नाही, त्यांनी तर हातच लावू नये.

आपल्या भागातल्या बायकांना हे कुणी शिकवायला नको. सारायीने किती संसार धुळीला मिळवले ते त्यांनी पाहिलं आहे. कर्नाटकात 1 जुलै 2007 पासून साराय बंद झाली. योगायोग असा, की त्याच वर्षी कर्नाटकाने आपलं वाईन धोरण आणलं, आणि त्याच सुमारास सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रतेल्ली ही वाईनरी उभी राहू लागली. महाराष्ट्राचं द्राक्ष प्रक्रिया धोरण त्याआधीचं, 2001 चं.

द्राक्ष आपलंच

विजयपूर आणि सोलापूर म्हणजे द्राक्षाचं माहेरघर. सोनाका हे लांबट मण्यांचं वाण सोलापूरजवळच्या नान्नजमध्येच निघालं. पण खायचं द्राक्ष वेगळं, वाईनचं वेगळं. खायच्या द्राक्षाला पातळ साल, मोठा मणी आणि बी नको. वाईनच्या द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड, आत बिया. रंग आणि तुरटपणा त्या सालीतून आणि बियांतून उतरतो. म्हणून लाल वाईन सालीसकट आंबवतात आणि पांढऱ्या वाईनला आधी रस गाळून घेतात.

या धंद्यात शेतकऱ्याची जोखीमही मोठी. 2008 च्या जागतिक मंदीनंतर मागणी कोसळली, तेव्हा नाशिककडे अनेकांची द्राक्षं पडून राहिली आणि कित्येकांनी वेली उपटून टाकल्या. त्यामुळे परदेशी लेबलापेक्षा आपल्या मातीतली बाटली घ्यावी असं मला वाटतं. त्यात आपलाही फायदा असतो. दोन्ही राज्यांनी आपापल्या द्राक्षाच्या वाईनला करात सवलत दिल्यामुळे तीच बाटली सीमेच्या या बाजूला एका भावाला, त्या बाजूला दुसऱ्या भावाला मिळते. म्हणून कर्नाटकात असाल तर नंदी टेकड्यांकडची ग्रोव्हर वगैरे आधी पाहा. महाराष्ट्रात असाल तर अकलूजची फ्रतेल्ली, नाशिकची सुला. मात्र स्वस्त दिसली म्हणून परवान्याशिवाय सीमेपलीकडून बाटल्या आणू नका. अबकारी नाक्यावरचा दंड त्या बचतीपेक्षा महाग पडतो.

येळवसाची अंबील शिकवते

वाईन जेवणाशी कशी जुळवायची याची पुस्तकं आहेत, पण आपल्याला ती येळ्ळ अमावस्येनेच शिकवून ठेवली आहे. शेतात बसून आपण भज्जी खातो. तुरीचे, वालाचे दाणे, पालेभाज्या, बेसन, वर तेल. जड जेवण! सोबत काय? आंबट, गार अंबील. ती तोंड साफ करते आणि पुढचा घास पुन्हा नवा लागतो. वाईनचं कामही तेच. माझ्या सासूबाईंनी एकदा पेल्याचा नुसता वास घेतला आणि म्हणाल्या, "इदु हुळी ऐति, अंबली हंग." त्या स्वतः घेत नाहीत, पण याहून नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही.

एक नियम तेवढा लक्षात ठेवा. तिखटाला मद्यार्क आणि तुरटपणा दोन्ही सोसत नाहीत, जीभ आणखी पेटते. तिखटाला गारवा आणि किंचित गोडवा हवा. त्यावरून आमच्या घरी ठरलेल्या जोड्या अशा:

झुणका, भाकरी, कांदा, ठेचा: शेनिन ब्लांक. ही पांढरी वाईन आपल्याकडे स्वस्तात मिळते आणि बऱ्याचदा हलकी गोड असते. खूप गार करून घ्या. पहिल्यांदा घेणाऱ्यालाही हीच द्यावी.

पुंडी पल्ल्या: सोव्हिन्यों ब्लांक. आंबट भाजीपुढे कमी आंबट वाईन पाणचट लागते, म्हणून ही चुरचुरीत आंबट बरी.

एण्णगाई, शेंगाचटणी: गुलाबी, म्हणजे रोझे. शेंगदाणा-तिळाचा जाडपणा ती पेलते आणि तिखटाशी भांडत नाही.

काळ्या मसाल्याचं मटण: सांजोव्हेझे किंवा शिराझ, लाल. सांजोव्हेझे हे इटलीचं द्राक्ष, तिथे टोमॅटोच्या रश्श्याबरोबर घेतात. आपल्या रश्श्यालाही चालतं, फक्त मटण तिखटजाळ नको.

पुरणपोळी किंवा होळिगे: काहीच नको. पदार्थापेक्षा वाईन गोड नसेल तर ती कडूजार लागते. पुरणपोळीला तूप आणि दूध, बस्स.

गोव्याच्या सहलीहून येणारी गोड पोर्ट जेवणात घेऊ नका. घ्यायचीच तर जेवणानंतर, बोटभर.

बाटली निवडताना

पांढऱ्या आणि गुलाबी वाईनवर अलीकडचं वर्ष पाहा. जुनी म्हणजे चांगली हा समज स्वस्त वाईनला लागू नाही. ती ताजी प्यायचीच असते. फिरकीचं झाकण असेल तर नाक मुरडू नका, बूच काढायचा खटाटोप वाचतो. मिळाली तर 375 मिलिलिटरची अर्धी बाटली घ्या, चौघांना चवीपुरती होते. 'रिझर्व्ह' या शब्दासाठी जादा पैसे मोजायची घाई नको. आणि एप्रिल-मेमध्ये उन्हाच्या काचेत मांडलेली बाटली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. उष्णतेने वाईनचा स्वाद मरतो.

'लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी' असं वाचायला मिळतं. ती खोली युरोपातली! आपल्या 42 अंशांच्या खोलीत ती काढ्यासारखी लागते. लाल बाटलीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, पांढरी दोन-तीन तास. लांब दांड्याचे पेले नसतील तर चहाचे काचेचे ग्लास चालतात. उघडलेली बाटली घट्ट बंद करून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. तेव्हा एका बैठकीत संपवायलाच हवी असं नाही.

आमच्याकडे वाढणी ठरलेली आहे. ताटं मांडून पहिली भाकरी तव्यावरून उतरल्यावरच बाटली उघडते. ज्याला नको त्याला कुणी आग्रह करत नाही, त्याच्यापुढे ताकाचं भांडं असतं. दुसरा पेला मागणाऱ्याला आधी दुसरी भाकरी घ्यावी लागते. मुलं हसतात, पण गच्चीवर जात नाहीत.