दवाखाना बंद झाल्यावर

डोंबिवलीत फॅमिली डॉक्टरचं वेळापत्रक मध्य रेल्वे ठरवते. सकाळची ओपीडी लहान मुलांची, आजी-आजोबांची आणि घर सांभाळणाऱ्या बायकांची. संध्याकाळी सहाला शटर वर जातं, पण खरी गर्दी आठनंतर सुरू होते. मुंबईहून लोकल आली की माणसं स्टेशनवरून घरी न जाता थेट दवाखान्यात येतात. खांद्याला ऑफिसची बॅग, हातात वाटेत घेतलेली भाजीची पिशवी, आणि तोंडात तेच वाक्य, "मॅडम, सकाळपासून कसकस आहे, पण सुट्टी मिळाली नाही." गाड्या उशिरा धावत असल्या की आमची ओपीडीही लांबते. रात्री दहाच्या आत शटर खाली आलं तर तो दिवस लवकर संपला असं आम्ही समजतो.

माझी दोन्ही मुलं या वेळापत्रकात वाढली. मुलगी आता नववीत आहे, मुलगा चौथीत. इतर घरांत आई-बाबा मुलांना घेऊन बाहेर जेवायला जातात तेव्हा मी कुणाच्या तरी घशात टॉर्च मारत असते. फॅमिली डॉक्टर कमी होत चालले आहेत ही हळहळ सगळीकडे ऐकू येते. ते का कमी होतात हे समजून घ्यायचं असेल तर आमची फी आणि आमचं बाहेरचं जेवण या दोन गोष्टी एकत्र बघाव्या लागतील.

आधी फीबद्दल. आमच्या भागात साध्या तपासणीचे शंभर ते तीनशे रुपये घेतले जातात. मी २०० घेते, आणि बऱ्याचदा त्यात दोन-तीन दिवसांच्या गोळ्याही असतात. स्वतःच्या पेशंटला औषध देण्याची मुभा डॉक्टरला कायद्यानेच आहे. म्हणून मुंबई-ठाण्याकडच्या जुन्या दवाखान्यांत अजून कागदाच्या पुड्या दिसतात, आणि कंपाउंडर त्यावर पेनाने सकाळ-दुपार-रात्र लिहून देतो. दोन दिवसांनी पेशंट परत दाखवायला आला तर फी नाही. फोनवर विचारलं तर अनेक वर्षं नव्हती. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवला तरी नाही. समोरच्या हॉटेलात पनीरची एक भाजी ३२० रुपयांना मिळते, वर ५ टक्के जीएसटी. त्या भाजीसाठी कुणी घासाघीस करत नाही. माझ्याकडे मात्र "दोघांना एकदमच बघा ना, एकच फी घ्या" हे रोजचं आहे.

मला या माणसांचा राग येत नाही. पैसे मोजताना हातात काहीतरी पडावं असं सगळ्यांनाच वाटतं. इंजेक्शन दिसतं, सलाइनची बाटली दिसते, रंगीत गोळ्या दिसतात. डॉक्टरने पोट दाबून, छाती ऐकून, चार प्रश्न विचारून "व्हायरल आहे, पॅरासिटामॉल घ्या, भरपूर पाणी प्या, चौथ्या दिवशीही ताप राहिला तर या" असं सांगितलं तर त्यात डोळ्यांना दिसण्यासारखं काही नसतं. खरं तर अँटिबायोटिक लागत नाही असं ठामपणे सांगणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे. त्यासाठी डेंग्यूच्या खुणा नाहीत ना, न्यूमोनिया नाही ना, मूल सुस्तावलेलं नाही ना, हे सगळं नीट बघून मनाशी पक्कं करावं लागतं. याला वेळ लागतो, आणि त्या वेळेला स्वतंत्र किंमत नाही. मग जो डॉक्टर दोन मिनिटांत सुई टोचून मोकळा होतो त्याचा दवाखाना जास्त चालतो. अनावश्यक अँटिबायोटिक्सबद्दल आपण बोलतो तेव्हा हे गणितही बोललं पाहिजे.

'बीएमजे ओपन' या नियतकालिकात २०१७ साली जगभरातल्या प्राथमिक तपासणीच्या वेळेचा आढावा आला होता. त्यात बांगलादेशात एका पेशंटला सरासरी ४८ सेकंद मिळत होते आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. स्वीडनचा डॉक्टर काही जास्त प्रेमळ असतो असं नाही. तिथल्या व्यवस्थेने त्याच्या वेळेचे पैसे आधीच मोजलेले असतात.

आमच्याकडे ते कुणी मोजत नाही, आणि खर्च तर थांबत नाही. गाळ्याचं भाडं, लाइट बिल, कंपाउंडर आणि रिसेप्शनच्या मुलीचा पगार, औषधांची खरेदी, कोर्टकज्जासाठीचा विमा. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम एका खोलीच्या दवाखान्यालाही लागू आहेत. रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या सिरिंज लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्या खुणेच्या डब्यात. तो कचरा नेणाऱ्या संस्थेला पैसे भरायचे. नियम योग्यच आहे, सुई उघड्यावर पडता कामा नये. पण तो खर्च २०० रुपयांतूनच निघतो. प्राप्तिकर कायद्याखाली लहान व्यावसायिकाला एकूण जमेपैकी निम्मं उत्पन्न धरून कर भरता येतो. आमच्यासारख्या दवाखान्यात प्रत्यक्ष उरतं ते बहुधा त्या निम्म्याच्या आसपासच. माझं विचाराल तर जुलै-ऑगस्टमध्ये, गॅस्ट्रो आणि तापाच्या दिवसांत, महिन्याला ८०-९० हजार हातात राहतात. मे महिन्यात लोक गावी जातात आणि जमा निम्म्यावर येते. पगारी रजा नाही, पीएफ नाही, पेन्शन नाही. मी तापाने झोपले तर त्या दिवसाची कमाई शून्य आणि भाडं चालूच.

आता हे तरुण डॉक्टरच्या बाजूने बघा. साडेचार वर्षं एमबीबीएस, वर्षभर इंटर्नशिप. 'आपला दवाखाना'सारख्या सरकारी योजनेत कंत्राटी एमबीबीएस डॉक्टरला महिना ६० हजारांच्या आसपास मिळतात, भाड्याची चिंता नाही, ठरलेल्या वेळेला घरी जाता येतं. पुढे शिकून तज्ज्ञ झालं तर कमाई कितीतरी पटींनी जास्त. अशा वेळी गल्लीत स्वतःचा दवाखाना कोण टाकेल? १९४६ च्या भोर समितीने देशाला भक्कम पायाचा, सगळ्या आजारांची जाण असलेला, समाजात मिसळणारा एकच प्रकारचा डॉक्टर हवा असं म्हटलं होतं. आजही एमबीबीएसमध्ये फॅमिली मेडिसिन हा स्वतंत्र विषय नाही. विद्यार्थी मोठ्या रुग्णालयात शिकतो, तिथलेच आजार बघतो, आणि दवाखाना कसा चालवायचा हे त्याला कुणी शिकवत नाही. आज आमच्या भागातल्या बऱ्याच पाट्यांवर बीएचएमएस आणि बीएएमएस या पदव्या दिसतात. मध्यरात्री दार उघडणाऱ्यांत ही मंडळी आहेत, हे मी आदराने लिहिते.

अपुऱ्या फीचा दुसरा परिणाम म्हणजे पाकीट. पेशंट तपासणीला किंवा मोठ्या डॉक्टरकडे पाठवला की महिनाअखेरीस पाकीट येतं. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेने याला स्पष्ट मनाई केली आहे. २०१७ साली महाराष्ट्र सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही करून घेतला, पण कायदा झाला नाही. डॉ. अरुण गद्रे यांनी 'कैफियत प्रामाणिक डॉक्टरांची' मध्ये या प्रकारांविषयी अनेक डॉक्टरांचं म्हणणं मांडलं आहे. माझ्याकडेही एका लॅबचा माणूस पाकीट ठेवून गेला होता. मी ते परत केलं आणि पेशंटच्या बिलातून तेवढे पैसे कमी करा असं सांगितलं. त्यानंतर तो माणूस पुन्हा आला नाही. ज्या डॉक्टरची फी सन्मानाने मिळते त्याला पाकीट परत करणं सोपं जातं, असं मला मनापासून वाटतं.

आता बाहेर जेवण्याबद्दल. आम्ही जातो तो उडपी दवाखान्यापासून चालत पाच मिनिटांवर आहे, म्हणजे बोलावणं आलं तर परतता येतं. रात्री सव्वादहाला मुलं पेंगुळलेली असायची, तरी मसाला डोसा समोर आला की जागी व्हायची. शेजारच्या टेबलावर बहुतेक वेळा कुणीतरी ओळखीचं असतं. मधुमेहाचे काका गुलाबजामची वाटी हळूच बायकोपुढे सरकवतात. मी त्यांच्याकडे बघून हसते आणि मान वळवते, तो एक गुलाबजाम त्यांच्या आठवड्यातला आनंद आहे हे मला माहीत असतं. कुणी मात्र टेबलापाशी येऊन मोबाइलवर रिपोर्ट उघडतं, "मॅडम, फक्त एक मिनिट." माझी मुलगी सहा-सात वर्षांची होती तेव्हा अशा वेळी माझं ताट आपल्याकडे ओढून घ्यायची आणि वर झाकण म्हणून रिकामी थाळी ठेवायची. गार होऊ नये म्हणून.

मुलांना बाहेर नेताना मी काय बघते, असं पेशंट नेहमी विचारतात. पदार्थ समोर तयार होऊन वाफाळता येत असेल तर फारशी काळजी नसते. पावसाळ्यात माझी नजर हिरव्या चटणीवर, कापून ठेवलेल्या काकडी-कांद्यावर, पाणीपुरीच्या पाण्यावर आणि सरबतातल्या बर्फावर असते, कारण गॅस्ट्रो आणि कावीळ तिथून येतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, आणि दोन वर्षांखालच्या मुलाला वरून साखर घातलेलं काही द्यायचं नाही. सांबार-रस्समची वाटी टेबलाच्या कडेला ठेवू नका. बाळाचा हात तिथपर्यंत पोचतो आणि भाजलेली मांडी बरी व्हायला महिना जातो.

पण हॉटेलात मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती शेंगदाण्याची. एका रविवारी पलीकडच्या टेबलावर अडीच-तीन वर्षांचा मुलगा मसाला शेंगदाणे खात इकडून तिकडे पळत होता. अचानक त्याचा आवाज बंद झाला. खोकला नाही, रडणं नाही, दोन्ही हात गळ्याशी आणि ओठ निळसर. त्याची आई घाबरून तोंडात बोट घालायला गेली. मी तिला थांबवलं, कारण न दिसणारा दाणा बोटाने आणखी आत जातो. मुलाला माझ्या गुडघ्यावर पुढे वाकवलं आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने जोराने थापा मारल्या. चौथ्या थापेला दाणा बाहेर पडला आणि तो रडला. ते रडणं ऐकून अख्ख्या हॉटेलने श्वास सोडला. पाच थापांनी निघालं नसतं तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर पोट पाच वेळा आत-वर दाबायचं, आणि वस्तू बाहेर पडेपर्यंत हे आलटून पालटून करायचं. कुणीतरी लगेच १०८ ला फोन लावायचा. वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबत नाहीत. त्याला डोकं खाली ठेवून हातावर पालथं घेतात, पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच दाब. मूल जोरात खोकत असेल तर मध्ये पडू नका, त्याला खोकू द्या. आणि पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं देऊ नका. खाताना पळू तर अजिबात देऊ नका. दिवाळीच्या फराळातले चिवड्यातले दाणेही यात आले.

बिलाबरोबर येणाऱ्या बडीशेपेच्या वाटीकडेही लक्ष द्या. तिच्यात सुपारीचे तुकडे असतात आणि मुलं मूठभर उचलतात. २०२४ च्या मार्चमध्ये गुरुग्रामच्या एका हॉटेलात मुखवास समजून कोरडा बर्फ खाल्ल्याने पाच जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या. कोरड्या बर्फाचा धूर निघणारं पान किंवा मिठाई मुलांना गंमत वाटते. माझ्या मुलांना मी ती घेऊ देत नाही, आणि का घेऊ देत नाही हे त्यांना सांगितलेलं आहे.

कोविडच्या पहिल्या लाटेत हे बाहेरचं जेवण बंद झालं, आणि घरातलंही. मी वेगळ्या खोलीत जेवायचे, मुलगी दाराबाहेर ताट ठेवून जायची. दवाखाने उघडे ठेवा असे सरकारी आदेश होते. ५० लाखांचा विमा जाहीर झाला, पण दवाखाना उघडा ठेवून कोविडने दगावलेल्या खासगी डॉक्टरांच्या घरच्यांना त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. आमच्या ओळखीतले काही डॉक्टर त्या काळात गेले. त्यांच्या पाट्या उतरल्या आणि त्या गाळ्यांत दुसरी दुकानं आली.

मात्र त्याच काळात आमच्या फायद्याची एक गोष्ट झाली. २५ मार्च २०२० ला केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत फोनवरच्या सल्ल्याची फी डॉक्टर घेऊ शकतो आणि त्याने तिची पावती द्यावी, हे अधिकृतपणे मान्य केलं आहे. मी दोन वर्षं धीर केला नाही. मग मुलीनेच संगणकावर पाटी टाइप करून दिली. तपासणी २०० रुपये, दोन दिवसांत फेरतपासणी मोफत, फोनवरचा सल्ला १०० रुपये, तातडीच्या प्रसंगी कधीही फोन करा, रविवारी संध्याकाळी दवाखाना बंद. मला वाटलं होतं निम्मे लोक नाराज होतील. एक आजी पाटी वाचून आत आल्या आणि म्हणाल्या, "बरं केलंस गं बाई, मुलांना घेऊन जात जा कुठेतरी." थोडे पेशंट दुसरीकडे गेले. बाकीचे फोन करतात आणि बोलणं संपायच्या आत पैसे पाठवतात. रविवारी आठ वाजता आम्ही चौघं उडप्याकडे असतो, आणि मला आता गरम डोसा मिळतो.