माणूस किती वेळा परततो?

ब्लूज गाणारा कलावंत व्यसनात बुडतो, मग देवाकडे वळतो आणि चर्चमध्ये गॉस्पेल, म्हणजे भक्तिगीते, गाऊ लागतो. अशा गोष्टी आपण बऱ्याच ऐकतो. त्यांत वळण एकदाच येते. खरे आयुष्य तसे असते का? आज आपण थॉमस डॉर्सी यांचे उदाहरण घेऊ. त्यांचे दुखणे दारूचे नव्हते, मनाचे होते. पण वाट तीच.

जन्म १८९९ चा, अमेरिकेतल्या जॉर्जियात. वडील धर्मोपदेशक. पोरगा मात्र दारूच्या मैफलींत पियानो वाजवू लागला. १९२१ साली शिकागोच्या बॅप्टिस्ट अधिवेशनात एक भक्तिगीत ऐकून त्यांनी ठरवले, आता देवाचीच गाणी लिहायची. आणि झाले काय? १९२४ मध्ये ते मा रेनी या प्रसिद्ध ब्लूज गायिकेच्या वाद्यवृंदाचे प्रमुख होते! १९२६ मध्ये नैराश्याने गाठले. वाजवणे थांबले, जीव द्यावा असे वाटू लागले. सावरल्यावर पुन्हा गॉस्पेलचा निश्चय. पण १९२८ मध्ये टॅम्पा रेड यांच्याबरोबरची एक चावट रेकॉर्ड धडाक्यात खपली आणि स्वारी परत ब्लूजमध्ये.

१९३२ मध्ये पत्नी नेटी बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेले. डॉर्सी देवावर रागावले. ब्लूजकडेच परतावे असे त्यांना वाटले. त्याच दुःखातून 'टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड' हे गीत आले. यानंतर मात्र ते टिकले.

का टिकले? ॲरिस्टॉटल म्हणतो, सद्गुण सवयीने अंगी बाणतो. आम्हांला इथे तेच दिसते. आधी नुसता निश्चय होता. आता पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चचे गायकवृंद होते, तालमी होत्या, वाट पाहणारी माणसे होती. हे काम त्यांनी पुढे काही दशके केले.

आणखी एक बघा. त्यांनी ब्लूज टाकून दिला नाही. त्याचे स्वर, त्याचा ठेका भक्तिगीतांत आणला. त्यापायी काही चर्चनी त्यांना दारातूनच परत पाठवले. पण जुन्या आयुष्यात शिकलेला हात नव्या आयुष्यात कामी आला.

म्हणून आपल्या घरातले कोणी सुटून पुन्हा घसरले, तर 'पहिला निश्चय खोटाच होता' असे म्हणू नये. तो खराच असतो. एकट्याने पेलत नाही, इतकेच. त्याला उद्या सकाळी जायला एक जागा आणि करायला एक काम मिळेल का, हे आपण पाहावे.