काखेत कळसा : दोघांची राजधानीची सहल

आपल्या मराठी कुटुंबांत सहल म्हटली म्हणजे ती सगळ्यांची. आजी, काका, भाचरे, शेजारची दोन मुले आणि ब्रियानीचे मोठे पातेले, अशी एक बस भरून आपण फ्लिक आँ फ्लाकला किंवा ब्लू बेला जातो, आणि संध्याकाळी वाळूने भरलेले टॉवेल घेऊन परततो. ही पद्धत चांगलीच आहे. ती मोडावी असे आमचे म्हणणे नाही. परंतु नवरा-बायको अशी दोघेच जण कधी कुठे गेली होती, असा प्रश्न विचारला तर बहुतेक घरांत उत्तर मिळते, "लग्नानंतर आठ दिवस." मधली पंधरा-वीस वर्षे कोठे गेली, ते कोणी सांगत नाही.

आम्ही शिक्षक माणसे. मुलांच्या वह्यांतून आम्हांला घरे दिसतात. 'माझे आईबाबा' या विषयावर निबंध लिहायला सांगितला म्हणजे आई एका परिच्छेदात येते आणि बाबा दुसऱ्या परिच्छेदात येतात. आई स्वयंपाक करते, शिकवणीला सोडते. बाबा कामावरून येतात, बातम्या पाहतात. दोघे मिळून काही करतात, हसतात, फिरायला जातात, असे वाक्य क्वचितच वाचायला मिळते. मुले खोटे लिहीत नाहीत. ती पाहतात तेच लिहितात.

पुढे हीच मुले शिकायला परदेशी जातात, काही तिकडेच राहतात. मग वाक्वा असो की कात्र बोर्न, मोठ्या घरात दोन माणसे उरतात आणि जेवणाच्या टेबलावर बोलायला विषय उरत नाही. वीस वर्षे फक्त वीजबिल, फी आणि लग्नाचे आहेर यांवरच बोलणे झाले असेल, तर एकविसाव्या वर्षी गोड गप्पा आपोआप सुरू होणार नाहीत. बोलण्याची सवय जपावी लागते. त्यासाठीच हा लेख.

पोर्ट लुईच का?

समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलात जाऊन दोन दिवस पडून राहणे हा एक मार्ग आहे. ज्यांना परवडते त्यांनी तसे जरूर करावे. आम्ही मात्र राजधानी सुचवतो. ऐकून काही जण हसतील. "तिथे तर रोज कामाला जातो!" अगदी बरोबर. आपण पोर्ट लुईला कामाला जातो, बँकेत, कोर्टात, पासपोर्टच्या रांगेत जातो, आणि चार वाजले की बस पकडण्यासाठी धावतो. ज्या शहरात अर्धे आयुष्य गेले ते शहर आपण पाहिलेलेच नसते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. घरातल्या माणसाचेही थोडे असेच होते, नाही का?

शिवाय सोय पाहा. मेट्रोची गाडी २०२० च्या जानेवारीत पोर्ट लुई ते रोझ हिल अशी सुरू झाली आणि २०२२ च्या ऑक्टोबरात क्युरपीपपर्यंत पोहोचली. पठारावरच्या मंडळींना आता मोटार काढण्याचे, ती कोठे उभी करायची याचे कारण नाही. नवऱ्याचे लक्ष रस्त्यावर आणि बायकोचे घड्याळावर, असा प्रवास टळतो. दोघेही खिडकीतून बाहेर पाहू शकतात.

आधीची तयारी

ऋतू : मे ते ऑक्टोबर हे महिने उत्तम. पोर्ट लुई डोंगरांच्या कुशीत आहे. जानेवारी-फेब्रुवारीत तिथे घाम निथळतो आणि वादळाची भीती असते ती वेगळीच. थंडीच्या दिवसांत हवा सुखाची असते. गणेशचतुर्थीच्या आसपासचे दिवस मात्र वगळावेत. त्या दिवसांत घर सोडून जाता येणार नाही, आणि जाऊही नये.

वार : शनिवारी सकाळी निघावे, रविवारी दुपारी परतावे. हा क्रम आम्ही मुद्दाम सांगतो. ब्लू पेनी संग्रहालय रविवारी बंद असते आणि मोठा बाजार रविवारी दुपारी आवरतो. उलट क्रमाने गेलात तर दोन्ही हुकतील. आप्रवासी घाटाची शनिवारची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्यावी.

घर : सासूबाईंना ही गोष्ट सर्वांत शेवटी सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. ती सोडावी आणि त्यांना सर्वांत आधी सांगावे. मुलगा-सून दोघेच जात आहेत याचे वाईट वाटण्यापेक्षा, आपल्याला न विचारता जात आहेत याचेच त्यांना अधिक वाईट वाटते. विश्वासाने सांगितले तर बहुतेक आज्या नातवंडांना आनंदाने सांभाळतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. लोक काय म्हणतील? दोन दिवस म्हणतील, मग दुसऱ्या कोणाबद्दल म्हणतील.

पैसा : बंदरालगत हॉटेले आहेत, शहरात साधी निवासगृहेही आहेत. खोली ठरवताना मॉरिशसच्या रहिवाशांसाठी वेगळा दर आहे काय, हे अवश्य विचारावे. पुष्कळ ठिकाणी असतो, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. एवढेही शक्य नसेल तर रात्रीचा मुक्काम गाळावा आणि एकच पूर्ण दिवस जावे. खर्च किती झाला यावर सहलीची गोडी ठरत नाही.

सामान : एक लहान पिशवी, चालायचे बूट, पाण्याची बाटली आणि लग्नाच्या आल्बममधला एक फोटो. डबा नको! सहलीच्या दिवशी पहाटे चारला उठून बाईने पुऱ्या तळायच्या असतील, तर ती सहल एकट्या नवऱ्याची झाली.

शनिवार

मेट्रोचे एक स्थानक आप्रवासी घाटाच्या नावाचेच आहे. तिथे उतरावे आणि पहिले पाऊल घाटाकडे टाकावे. प्रेमाच्या सहलीची सुरुवात अशा ठिकाणी कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की आपल्या घराण्यांतली पहिली जोडपी इथूनच चालत वर आली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून पहिले छत्तीस गिरमिटिये या बेटावर पोहोचले. १८४९ पासून या जागी आगमनाचा डेपो उभा राहिला. मुंबई बंदरातून निघालेले आपले कोकणचे पणजोबा-खापरपणजोबाही याच दगडी पायऱ्या चढले. २००६ साली युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारशाचा मान दिला. त्या काळी स्त्रिया पुरुषांपेक्षा फार कमी येत. केवळ धार्मिक विधीने लागलेले लग्न सरकार कायदेशीर मानीत नसे. नोंद नाही तर कायद्याच्या नजरेत ती पत्नीही नव्हे. अशा दिवसांत, उसाच्या मळ्यात राबून, ज्या दोन माणसांनी एकमेकांना धरून ठेवले त्यांच्यामुळे आपण आज इथे आहोत. तिथे दोघांनी दहा मिनिटे गप्प उभे राहावे. आपापल्या घरच्या आजोबा-आजीची एकेक गोष्ट एकमेकांना सांगावी. वीस वर्षांच्या संसारानंतरही न ऐकलेली एखादी गोष्ट निघतेच.

तेथून बंदराच्या काठाने चालत कोदाँला जावे. पूर्वी इथे जहाजांची आणि गोदामांची वर्दळ होती. १९९६ साली हा भाग दुकाने, उपाहारगृहे आणि चित्रपटगृह यांनी सजून लोकांसाठी उघडला. येथेच ब्लू पेनी संग्रहालय आहे, आणि दोघांच्या सहलीत ते चुकवू नये. त्याची दोन कारणे.

पहिले कारण म्हणजे १८४७ च्या सप्टेंबरात छापलेली ती दोन जगप्रसिद्ध तिकिटे, एक पेनीचे नारिंगी आणि दोन पेन्सचे निळे. प्रत्येकी पाचशेच छापली होती. गव्हर्नरांच्या पत्नी लेडी गॉम यांनी आपल्या नृत्यसमारंभाची आमंत्रणे पाठवताना यांतली काही तिकिटे वापरली. एका संध्याकाळच्या निमंत्रणासाठी चिकटवलेला कागदाचा तुकडा आज रत्नांच्या मोलाचा झाला आहे. १९९३ साली ही दोन्ही तिकिटे विकत घेऊन मॉरिशसला परत आणली गेली. उजेडाने रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटांवर दर तासाला थोडाच वेळ दिवा लावतात. म्हणून आत शिरताच ती वेळ विचारून ठेवावी.

दुसरे कारण म्हणजे प्रॉस्पेर देपिने या आपल्याच बेटावर जन्मलेल्या शिल्पकाराने घडवलेला पॉल आणि व्हर्जिनीचा पुतळा. पॉल व्हर्जिनीला उचलून नदी पार करतो आहे. याची प्रतिकृती क्युरपीपच्या टाऊन हॉलच्या बागेत आपण लहानपणापासून पाहत आलो. मूळ पुतळा इथे आहे. बेर्नार्दँ द सँ-पिएर यांची ही कादंबरी १७८८ सालची, आणि तिच्यातले जहाज फुटते ते १७४४ साली आपल्या किनाऱ्यावर खरोखर फुटलेल्या 'सँ-जेराँ'वरून घेतलेले. कथेत दोघांची ताटातूट होते आणि शेवट दुःखाचा आहे. वाचलेली नसेल तर सहलीआधी दोघांनी वाचावी. मग तो पुतळा नुसता दगड वाटत नाही.

दुपारचे जेवण सावकाश घ्यावे. एरवी आपण जेवतो ते घड्याळाच्या काट्यावर. ऊन उतरल्यावर कंपनी गार्डनमध्ये जुन्या वडांच्या सावलीत बसावे. शेजारच्या संग्रहालयात डोडोचा सांगाडा आहे. मुलांना घेऊन आला होतात तेव्हा त्यांच्यामागे धावण्यात तो पाहायचा राहून गेला असेल.

सूर्यास्तापूर्वी तासभर टॅक्सी करून सिग्नल माउंटनच्या उतारावर मारी रेन द ला पे येथे जावे. १९८९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी याच ठिकाणी मोठी प्रार्थनासभा घेतली होती. पायऱ्यांवर बसले की खाली सारे शहर, बंदर आणि समुद्र दिसतो. जून-जुलैत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे वेळ चुकवू नये. फोटो काढून झाला की फोन पिशवीत ठेवावा.

रात्री चायनाटाऊनमध्ये गरम बुलेत किंवा मीन फ्री खाऊन पुन्हा बंदराकाठी यावे. कचेऱ्या सुटल्या की शहराचा मधला भाग लवकर निर्मनुष्य होतो. म्हणून रात्री आडरस्त्यांनी भटकू नये, पाण्याकाठच्या दिव्यांखालीच फिरावे. आता तो आल्बममधला फोटो काढावा. त्या दिवशी तुम्हांला खरे काय वाटले होते, हे एकमेकांना विचारावे. "अहो, मला तर फार भीती वाटली होती," असे ती म्हणेल. "मलाही," असे तो पहिल्यांदाच कबूल करील.

रविवार

सकाळी लवकर शाँ दे मार्सवर चालायला जावे. १८१२ सालापासून इथे घोड्यांच्या शर्यती होत आल्या आहेत. परंतु आपल्याला हे मैदान प्रिय आहे ते १२ मार्च १९६८ या दिवसामुळे. त्या दुपारी इथेच आपल्या देशाचा चौरंगी झेंडा पहिल्यांदा वर चढला. मग टेकडीवरच्या सिटाडेलकडे वळावे. इंग्रजांनी १८३४ ते १८४० या काळात बांधलेल्या या किल्ल्याला राजा विल्यमच्या पत्नीचे, राणी अ‍ॅडलेडचे नाव दिले. दार बंद असले तरी आजूबाजूच्या उंचवट्यावरून ल पूस, मैदान आणि बंदर असे तिन्ही दिसते. रोज बसच्या खिडकीतून तुकड्या-तुकड्यांनी पाहिलेले शहर तिथून सबंध दिसते.

शेवटी बाजारात थंडगार आलुदा प्यावा, दालपुरी खावी, सासूबाईंसाठी आणि मुलांसाठी काही घ्यावे आणि दुपारच्या गाडीने घरी यावे.

तीन नियम

एक : मुलांच्या परीक्षेचा विषय पहिल्या दिवशी दुपारपर्यंत काढू नये. दोन : घरी फोन दिवसातून एकदाच करावा. आजीने तुम्हांला वाढवले, ती नातवंडांनाही दोन दिवस सांभाळील. तीन : कोठे बसायचे, काय खायचे हे एकदा तिने ठरवावे, एकदा त्याने, आणि दुसऱ्याने नाक मुरडू नये. थोडेफार भांडण झालेच तर घाबरू नये. घरोघरी मातीच्या चुली. निदान या वेळी भांडायला निवांत वेळ तरी मिळाला, असे समजावे.

परत आल्यावर घरात एक बदल होईल तो मुलांच्या ध्यानात येईल. आईबाबा जेवताना एखाद्या गोष्टीवर हसतात, आणि ती गोष्ट आपल्याला ठाऊक नाही, हे मुलांना कळते आणि त्यांना ते आवडते. आपले आईबाबा एकमेकांचे मित्र आहेत, हे पाहून वाढलेल्या मुलाला संसार कसा करावा हे वेगळे शिकवावे लागत नाही. आमच्या शाळेत तो धडा नाही. तो घरीच मिळतो.

तेव्हा बंधुभगिनींनो, भिंतीवरचे कॅलेंडर काढा आणि या थंडीतला एक शनिवार-रविवार आजच निवडा. त्यावर पेन्सिलीने नव्हे, शाईने खूण करा, म्हणजे ती कोणी पुसणार नाही. शुभ प्रवास!