कडक भाकरीला आधी टिचकी मारा

सोलापुरात कडक भाकरी घ्यायची असेल तर आधी तिला टिचकी मारून बघा. कोरडा, टणक आवाज आला तर घ्या. आवाज दबका आला तर ती सादळली आहे, राहू द्या.

मेक्सिकोत रस्त्यावरच्या गाड्यांवर टाको मिळतो. मक्याची मऊ पोळी, आत मांस, कांदा, कोथिंबीर, वरून लिंबू पिळायचं आणि उभ्याउभ्या खायचं. तीच पोळी कडक केली की तिला तोस्तादा म्हणतात. आपल्याकडे मऊ भाकरी आणि कडक भाकरी अशी तशीच जोडी आहे, आणि अडचणही तीच. मका काय, ज्वारी काय, गव्हातलं ग्लूटेन दोन्हींत नाही, त्यामुळे पीठ ताणलं की तुटतं. तिकडे त्यावर उपाय म्हणून मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात. आपण गरम पाणी घेतो. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि भाकरी थापण्याइतकी सांधली जाते. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरीच्या कडा फाटू लागतात. अशा वेळी सोलापूरची बाई पीठ टाकून देत नाही, आधणाचं पाणी घेते.

ज्वारी मात्र शाळूचीच हवी, हा माझा हट्ट. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात परतीच्या पावसानंतर पेरलेली मालदांडी जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेलं तिचं एम ३५-१ हे वाण रब्बीत अजूनही पेरलं जातं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. दाणा टपोरा, पांढरा, मोत्यासारखा, पीठ गोडसर.

पीठ परातीत तळहातानं रगडून मळायचं. इथे घाई केली की पुढे सगळंच बिघडतं. मग कोरडं पीठ पसरून त्यावर गोळा थापायचा. कडक भाकरीसाठी मऊ भाकरीपेक्षा बरीच पातळ थापायची, हवे तर वर तीळ लावायचे. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते. तिच्यावर ओला हात फिरवायचा, पाणी सुकत आलं की उलटायची.

मऊ भाकरी इथून विस्तवाला लावतात. आतल्या पाण्याची वाफ होऊन पापुद्रा सुटतो आणि भाकरी टम्म फुगते. कडक भाकरी फुगू द्यायची नसते. ती मंद आचेवर फडक्यानं दाबत शेकायची, मग चुलीच्या कडेला उभी करून ठेवायची. उरलंसुरलं पाणी हळूहळू निघून जातं. आच मोठी केली तर कडा करपतात आणि मध्ये ओल राहते. अशी भाकरी दोन दिवसांत बुरसते. नीट वाळलेली आठवडेच्या आठवडे टिकते, कारण बुरशीला लागणारं पाणीच तिच्यात उरलेलं नसतं. म्हणूनच ती प्रवासाची शिदोरी झाली. शेजारच्या विजयपूर-कलबुर्गीकडेही अशीच कडक रोटी करतात. सोलापुरात मराठीबरोबर कानडीही घराघरांत बोलली जाते, तेव्हा ही भाकरी मूळची कोणाची, या वादात मी पडत नाही.

सोबत शेंगाचटणी लागतेच. भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ. उखळात कुटताना दाण्याचं तेल सुटतं आणि चटणीचे गोळे वळतात. मिक्सरमध्ये तिचा नुसता भुगा होतो. त्याला चटणी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आता खायचं कसं? चपातीसारखा घास गुंडाळायला गेलात तर भाकरीचे तुकडे मांडीवर पडतील. तळहाताएवढा तुकडा मोडा, त्यावर चटणी आणि दही घ्या, बुक्कीनं फोडलेला कांदा सोबत ठेवा. दुसरी रीत म्हणजे ताटात भाकरी कुस्करून वर गरम आमटी किंवा मटणाचा रस्सा ओतायचा. दोन-तीन मिनिटं मुरू द्या. कडा अजून कुरकुरीत आणि मधला भाग मऊ, त्या क्षणी सुरुवात करा. फार थांबलात तर लगदा होतो.

पावसाळ्यात डब्याचं झाकण घट्ट लावा. तरीही भाकरी सादळलीच तर मंद आचेच्या तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकून गार होऊ द्या. पुन्हा कडक होते.