लेम्ले, कार्ल
लेम्ले, कार्ल : (१७ जानेवारी १८६७ – २४ सप्टेंबर १९३९). जर्मन-अमेरिकन चित्रपटनिर्माता व ‘युनिव्हर्सल’ या चित्रसंस्थेचा एक प्रमुख संस्थापक. जन्म दक्षिण जर्मनीतील व्ह्यूर्टेम्बेर्ख राज्यातील लाउपहाइम या लहानशा गावी, ज्यू कुटुंबात. गावात ज्यूंची मोठी वस्ती होती. सिनेगॉग-संगीतकार मोरित्स हेन्ले हाही येथलाच. १८८४ मध्ये लेम्ले अमेरिकेस गेला. किरकोळ नोकऱ्या केल्यावर ऑशकॉश (विस्कॉन्सिन) येथील कापडदुकानाचा तो व्यवस्थापक झाला.

१९०६ मध्ये शिकागोत त्याने लहान चित्रपटगृह उघडले आणि लवकरच चित्रपट भाड्याने देण्याचा व्यवसाय सुरू केला. एडिसनप्रणीत पेटंटधारकांच्या संघाने १९०८ पासून चित्रव्यवसायावर मक्तेदारी लादली. लेम्लेने परवानाशुल्क नाकारले, १९०९ मध्ये स्वतःची निर्मितिसंस्था काढली आणि अनेक दाव्यांना तोंड दिले. नटनटींची नावे तेव्हा सहसा जाहीर होत नसत. १९१० मध्ये फ्लॉरेन्स लॉरेन्स या अभिनेत्रीच्या मृत्यूची अफवा उठली, तेव्हा ती खोडणारी जाहिरात देऊन त्याने तिचे नाव गाजविले. ही अफवा त्याच्याच संस्थेने पसरविली, असेही मानले जाते. तारकाप्रथेचा पाया मात्र अशा क्लृप्त्यांतूनच घातला गेला.

१९१२ मध्ये इतर निर्मात्यांसह त्याने युनिव्हर्सलची स्थापना केली. लॉस अँजेल्सजवळील ‘युनिव्हर्सल सिटी’ हे चित्रनगर १९१५ मध्ये खुले झाले. *द हंचबॅक ऑफ नोत्र दाम* (१९२३), *ड्रॅक्युला* व *फ्रँकेन्स्टाइन* (दोन्ही १९३१) हे संस्थेचे गाजलेले चित्रपट. नातलगांना नोकऱ्या देण्याच्या त्याच्या सवयीची थट्टा होई. तथापि विल्यम वायलरसारखा श्रेष्ठ दिग्दर्शक त्याच वाटेने आला, हे विसरता येत नाही.

रेमार्कच्या युद्धविरोधी कादंबरीवरील *ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट* (१९३०) या ऑस्करविजेत्या चित्रपटाचे बर्लिनमधील खेळ गोबेल्सच्या चिथावणीने नाझींनी उधळले. डिसेंबर १९३० मध्येच त्यावर बंदी आली. पुढे काटछाट केलेली आवृत्ती दाखविण्यास लेम्लेने संमती दिली. ही तडजोड त्याच्या कीर्तीस शोभणारी नव्हती.

*शो बोट*च्या खर्चासाठी घेतलेले कर्ज मुदतीत न फिटल्याने १९३६ मध्ये युनिव्हर्सल त्याच्या हातून गेली. त्यानंतरचे त्याचे कार्य चित्रपटाबाहेरचे आहे. अमेरिकेत प्रवेश मिळण्यासाठी, निर्वासित सरकारवर भार होणार नाही अशी तेथील रहिवाशाची शपथपूर्वक हमी उपयोगी पडे. लाउपहाइम व आसपासच्या ज्यूंसाठी लेम्लेने अशी हमीपत्रे एकामागून एक दिली. हमीदाराचे वय व हमीपत्रांची संख्या पाहून श्टुटगार्ट येथील अमेरिकन वकिलात ती मान्य करण्यास कचरू लागली, तेव्हा १९३८ मध्ये त्याने परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांना पत्र लिहून दाद मागितली. त्याच्या हमीमुळे तीनशेहून अधिक व्यक्तींचे प्राण वाचले, असे सांगितले जाते.

बेव्हर्ली हिल्स येथे त्याचे निधन झाले. लाउपहाइममधील एका विद्यालयास त्याचे नाव दिलेले असून २०१७ पासून त्याच्या नावाचा चित्रपटनिर्मात्यांसाठीचा पुरस्कार तेथे प्रदान करण्यात येऊ लागला.